कालिया कोण होतो?



प्रथम कम्युनियनच्या वर्गात आम्ही विचारले, "सर्वांत शूर कोण?" दावीद राजाचे नाव येईल अशी आमची अपेक्षा. मुले ओरडली, "छोटा भीम!"

पोगो वाहिनीवर ही मालिका २००८ साली सुरू झाली. ती हैदराबादच्या राजीव चिलका यांची निर्मिती. तेव्हाचे छोटे प्रेक्षक आता नोकरीला लागले, भीम मात्र ९ वर्षांचाच आहे. लाडू खाल्ले की त्याला बळ येते, म्हणून तो आवडतो असे आपण समजतो. आम्हाला कारण वेगळे वाटते. कालिया खोड्या काढतो, फजिती करून घेतो, आणि पुढच्या भागात पुन्हा त्याच टोळीत असतो. ढोलकपुरातून त्याला कोणी हाकलत नाही. चुकलो तरी आपली जागा राहते, हे मुलाला पुन्हा पुन्हा पाहायचे असते. सद्गुण सवयीने अंगी बाणतो, असे ॲरिस्टॉटलनेही म्हटले आहे. (दांडगाई करणाऱ्याचेच नाव 'कालिया' का ठेवावे, हे मात्र आम्हाला खटकते.)

वर्ग सुटल्यावर एक मुलगा मागे थांबला. "फादर, शाळेत मला कालिया म्हणतात."

पालकांनो, आज जेवताना मुलांना एवढेच विचारा : तुमच्या खेळात कालिया कोण होतो?