दुर्मीळ जनुकदोष आणि आत्मप्रतिरक्षाविकार

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना ओळखून त्यांचा नाश करणे हे प्रतिरक्षायंत्रणेचे कार्य होय. त्यासाठी आपले कोणते व परके कोणते, हा विवेक तिच्या ठायी असावा लागतो. तो ढळला म्हणजे ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते. अशा रोगांना आत्मप्रतिरक्षाविकार म्हणतात. पहिल्या प्रकारचा मधुमेह हे त्याचे परिचित उदाहरण आहे. बहुतेक रुग्णांमध्ये अशा विकाराचे मूळ एका दोषात नसते. अनेक जनुकांतील, सर्वत्र आढळणारे लहान लहान भेद व भोवतालची परिस्थिती यांचा तो एकत्रित परिणाम असतो. त्यामुळे बिघाड नेमका कोठे झाला हे सांगणे कठीण जाते. याउलट काही थोड्या कुटुंबांत एकाच जनुकातील दोष विकार उत्पन्न करण्यास पुरेसा ठरतो. अशी कुटुंबे मोजकी असली, तरी त्यांच्यापासून मिळालेले ज्ञान मोलाचे आहे.

फिनलंडमध्ये, सार्डिनिया बेटावर आणि इराणी ज्यू समाजात असाच एक विकार इतर ठिकाणांपेक्षा अधिक आढळतो. फिनलंडमध्ये त्याचे प्रमाण सुमारे २५,००० माणसांत एक, तर इराणी ज्यूंमध्ये सुमारे ९,००० माणसांत एक असे आहे. तो बहुधा बालपणीच प्रकट होतो. प्रथम तोंडात कँडिडा या बुरशीचा चिवट संसर्ग होतो. पुढे परावटू ग्रंथी निकामी होऊन रक्तातील कॅल्शियम घटते व हातापायांना पेटके येतात. त्यानंतर अधिवृक्क ग्रंथींचा नाश होतो. हे वेळीच ओळखून हॉर्मोन दिले नाही, तर रुग्ण दगावतो.

१९९७ मध्ये दोन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे या विकाराचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर शोधून काढले. त्याला ‘एआयआरई’ असे नाव मिळाले. त्याचे कार्य समजण्यासाठी उरोस्थीच्या मागे असलेल्या थायमस ग्रंथीकडे वळले पाहिजे. टी-पेशी नावाच्या रक्षक पेशींचे शिक्षण येथे होते. आता प्रश्न असा की, इन्शुलिन तर स्वादुपिंडात तयार होते. मग थायमसमधील टी-पेशीला त्याची ओळख कशी पटावी? डायान मॅथिस, क्रिस्तॉफ बन्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून याचे उत्तर दिले. एआयआरई जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनामुळे थायमसमधील विशिष्ट पेशी दूरदूरच्या अवयवांतील प्रथिनांचे नमुने अल्प प्रमाणात तयार करतात. त्या नमुन्यांवर तुटून पडणाऱ्या टी-पेशी तेथेच नष्ट केल्या जातात. जनुक सदोष असल्यास नमुने दाखविले जात नाहीत आणि घातक पेशी शरीरभर पसरतात.

तरीही एक कोडे उरले होते. प्रतिरक्षा अतिरेकी झाली असता बुरशी का माजावी? २०१० मध्ये त्याचा उलगडा झाला. या रुग्णांच्या शरीरात बुरशीविरोधी संरक्षणाचे संदेश वाहणाऱ्या प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण होतात. विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉनविरुद्धची प्रतिपिंडेही त्यांच्यात २००६ मध्ये आढळली होती. पुढे २०२० मध्ये, कोविडने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांपैकी किमान दहा टक्क्यांत तशीच प्रतिपिंडे दिसून आली. दुर्मीळ विकाराच्या अभ्यासातून मिळालेली दृष्टी अशी जगव्यापी साथीत उपयोगी पडली.

हा विकार सामान्यतः अप्रभावी रीतीने संक्रमित होतो. आई व वडील दोघेही दोषाचे वाहक असूनही स्वतः निरोगी असतात. मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता चारात एक असते. तथापि जनुकाच्या काही भागांतील दोष एकाच प्रतीत असला, तरी सौम्य व उशिरा दिसणारा आत्मप्रतिरक्षाविकार होऊ शकतो, असे २०१५ मध्ये दिसून आले. म्हणजे दुर्मीळ आणि सामान्य यांमधील सीमारेषा वाटते तितकी ठळक नाही.

एका मुलात हा दोष आढळल्यास त्याच्या भावंडांची तपासणी करणे अगत्याचे ठरते. जनुकातील दोष आज सहजासहजी दुरुस्त करता येत नाही. परंतु अधिवृक्क ग्रंथींवर येणारे संकट आधी ठाऊक असल्यास ते टाळता येते, आणि एवढ्याने एक जीव वाचतो.