कृष्णविवराचे झोत ताऱ्यांचा जन्म रोखतात का?

प्रश्न : कृष्णविवराजवळून निघणाऱ्या झोतांमुळे दीर्घिकेतील ताऱ्यांची निर्मिती थांबते का?

उत्तर : महाकाय दीर्घिकांत ती बरीच मंदावते. तारे थंड वायूतून जन्मतात. ययाती तारकासमूहात, सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर, एनजीसी १२७५ ही दीर्घिका आहे. तिच्याभोवतीचा तप्त वायू निवून भराभर तारे घडायला हवेत. प्रत्यक्षात त्या मानाने फारच थोडे घडतात. चंद्रा दुर्बिणीने टिपलेल्या क्ष-किरण चित्रांत याचे कारण दिसते : झोतांनी त्या वायूत प्रचंड पोकळ्या कोरल्या आहेत. अरुंद झोत एवढा परिसर कसा तापवतील, ही शंका रास्त आहे. पण फुगत, वर सरकत जाणाऱ्या या पोकळ्या आणि त्यांतून उठणाऱ्या दाबलहरी ऊर्जा दूरवर पसरवतात. उलट उदाहरणही आहे. एनजीसी ५४१ चा झोत आदळून ‘मिन्कोवस्कीचा पिंड’ या छोट्या दीर्घिकेत तारे जन्मले. म्हणून झोत घनदाट वायू दाबतो की विरळ वायू तापवतो, यावरच परिणाम ठरतो.