टॅकोमीटर चुकतोय? थांबा, मीटर उघडू नका

जुन्या बाईकच्या गॅरेजवरच्या व्हिडिओत टॅकोमीटरचा भाग जरा घाईत झाला. तो इथे नीट लिहितो, कारण नवीन गॅरेजवाल्याचे पैसे बुडतात ते अशाच छोट्या कामात.

समजा, तुमच्याकडे राजदूत ३५० आली. मालक म्हणतो, "आयडलिंगलाच काटा अडीच हजारावर जातोय, मीटर बदलून टाका." लगेच हो म्हणू नका. या गाडीचा चांगला मीटर शोधायला दिवस जातात, मिळाला तरी स्वस्त नसतो. आणि नवा बसवूनही काटा तिथेच राहिला तर?

पहिला प्रश्न एकच: मीटर खोटं बोलतोय की इंजिन खरंच पळतंय? इनटेकच्या रबरातून किंवा क्रँकच्या सीलमधून हवा ओढली जात असेल तर टू-स्ट्रोक इंजिनचं आयडलिंग आपोआप चढतं. मिश्रण पातळ होतं, आणि अशी गाडी हायवेवर पिस्टन जाम करू शकते. म्हणजे तुम्ही मीटर बदलून दिलात आणि खरा आजार तसाच राहिला.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. चोकवाली जुनी ट्यूबलाइट घ्या, एलईडी नको. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ही ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. क्रँकच्या टोकाला, बाहेरून दिसेल अशा जागी, पांढऱ्या रंगाची एक खूण करा. बाकीचा उजेड कमी करा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, बाह्या वर करा आणि रेस हळूहळू वाढवा. एकाच खुणेच्या समोरासमोर दोन स्थिर खुणा दिसल्या की इंजिन ३००० आरपीएमवर आहे. चार दिसल्या तर १५००. (४५०० ला पण चार दिसतात, पण तो आवाज कानाला कळतोच.) खुणा फिरण्याच्या दिशेने हळूहळू सरकत असतील तर वेग किंचित जास्त आहे. आता काटा काय दाखवतोय ते दोन्ही ठिकाणी लिहून ठेवा.

काटा बरोबर निघाला तर मीटरला हात लावायचाच नाही, हवेची गळती शोधायची. चुकीचा निघाला तर आधी केबल. काटा थरथरत असेल तर बहुतेक वेळा केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी मुडपलेली असते. आतली तार काढून पुसा, ग्रीस लावा, पण मीटरकडचा वरचा थोडा भाग कोरडा ठेवा. नाहीतर ग्रीस चढून मीटरमध्ये जातं आणि नवीनच काम उभं राहतं! काटा स्थिर आहे पण कायम जास्त किंवा कमी दाखवतो, तेव्हा मात्र मीटरवर संशय घ्या: आतली केसासारखी स्प्रिंग, चुंबक, किंवा आधी कुणीतरी दुसऱ्याच मॉडेलचा मीटर बसवलेला. हा शेवटचा प्रकार जुन्या गाड्यांत भरपूर. मालकाला सरळ विचारा, "दादा, हा मीटर मूळचाच आहे ना?"

आता पैशांचं. तपासणीचा आकार गाडी आत घेतानाच सांगायचा, काम झाल्यावर नाही. बिलावर "टॅकोमीटर तपासणी" अशी वेगळी ओळ टाका आणि खाली ते दोन आकडे लिहा: ३००० ला इतका, १५०० ला इतका. आकडे समोर असले की, पार्ट न बदलता पैसे कसले, हा प्रश्न सहसा येत नाही.