लाकडी घराची निगा : खांबाचे बूड आणि वळचण सांभाळा

कोकणात जांभ्याच्या जोत्यावर उभे केलेले, लाकडी खांब-तुळयांवर वासे, रिपा आणि कौलांचे छप्पर पेललेले घर गावोगाव आढळते. साग, ऐन, किंजळ, फणस अशा आपल्याच भागातील लाकडांतून उभी राहिलेली ही घरे दोन-तीन पिढ्या टिकतात. अलीकडे मात्र ‘लाकूड सडले’ एवढ्या कारणावरून जुने घर उतरवून स्लॅबचे घर बांधण्याकडे कल वाढला आहे. घर उतरवल्यावर पुष्कळदा असे दिसते की, दोन-तीन खांबांची बुडे आणि वळचणीकडील काही वासे तेवढे खराब झालेले असतात. बाकीचे लाकूड खणखणीत असते. ते जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे मिळेल त्या भावाने जाते आणि तेवढ्याच मापाचे नवे लाकूड घेणे पुढे परवडत नाही. म्हणून घर उतरवण्याचा निर्णय घेण्यापूर्वी शेतकरी बंधू-भगिनींनी घराची पद्धतशीर तपासणी करावी.

लाकूड का सडते?

भात साठवताना दाण्यातील ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणला नाही तर त्याला बुरशी लागते, हे आपण जाणतो. लाकडाचेही तसेच आहे. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ते सडवणारी बुरशी वाढू शकत नाही. पावसाळ्यात हवा कितीही दमट असली तरी छपराखालचे, वारा लागणारे लाकूड सहसा या मर्यादेच्या आत राहते. लाकूड सडते ते गळणाऱ्या, झिरपणाऱ्या किंवा जमिनीतून चढणाऱ्या पाण्यामुळे. वाळवीलाही ओल लागते. म्हणजे पाणी कोठून येते ते शोधून थांबवणे हाच मुख्य उपाय होय. औषध हा त्यानंतरचा भाग आहे.

तपासणी कशी करावी?

पावसाळा संपल्यावर एकदा आणि पावसाळ्यापूर्वी एकदा घर तपासावे. त्यासाठी दाभण किंवा पेचकस आणि लहान हातोडी पुरेशी होते.

१) प्रत्येक खांबाच्या बुडाशी, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, चारही बाजूंनी दाभण टोचावे. ते सहज आत गेले तर लाकूड सडलेले समजावे.
२) भिंतीत गेलेली तुळयांची टोके तपासावीत. भिंत ओली झाली की येथील सड बाहेरून दिसत नाही. हातोडीने ठोकल्यास निरोगी लाकडाचा टणक आवाज येतो, पोखरलेल्या लाकडाचा पोकळ येतो.
३) वळचणीकडील वाशांची टोके व छपराच्या दोन उतारांमधील पन्हळ पाहावी.
४) भिंतीवरून वर चढणाऱ्या मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. लाकडाखाली पिठासारखा ताजा भुसा दिसल्यास पोखरणारे भुंगेरे आहेत असे समजावे.

जे आढळेल ते खडूने लाकडावरच खूण करून ठेवावे.

खांबाचे बूड

जुन्या गवंडी-सुतारांनी खांब मातीत कधीच पुरला नाही. तो दगडी तळखड्यावर उभा केला. जमिनीची ओल वर चढू नये आणि बुडाला वारा लागावा हा त्यामागील हेतू होता. पुढे घरात कोबा किंवा फरशी घालताना जमिनीची पातळी वाढते, तळखडा गाडला जातो आणि खांबाभोवती सिमेंटचा कठडा केला जातो. सिमेंट आणि लाकूड यांच्यातील फटीत पाणी शिरते. ते वाळत नाही आणि काही वर्षांत खांब आतून सडतो.

असा कठडा असल्यास तो फोडून खांबाचे बूड मोकळे करावे. सड थोडीच असेल तर सडका भाग तासून काढावा व लाकूड पूर्ण वाळू द्यावे. बूडच गेले असल्यास खांब बदलण्याची गरज नाही. तुळईला खांबाच्या दोन्ही बाजूंनी भक्कम धिरे द्यावेत, सडका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावा आणि त्या जागी उंच दगडी तळखडा बसवावा किंवा त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा अर्ध्या-अर्ध्या खाचेने जोडून बोल्टने आवळावा. हे काम जाणत्या सुताराकडूनच करून घ्यावे. धिरा न देता खांबाला हात लावू नये.

मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नये. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडत नाही व तुळयांची टोके भिजत राहतात. अशा भिंतीला चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा योग्य होय.

छप्पर आणि वळचण

दरवर्षी वैशाखात शाकारणी करावी. फुटकी कौले बदलावीत, पन्हळीतील पातेरा काढावा. घरावर वाकलेल्या फांद्या छाटाव्यात. वळचण भिंतीपासून किमान दोन फूट बाहेर असावी. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचू नये म्हणून त्याखाली फरसबंद उताराची गटार काढावी. शेणखताचा ढीग, सरपण किंवा मातीचा भराव भिंतीला लावून ठेवू नये.

पूर्वी चुलीची ऊब व धूर यांमुळे वासे कोरडे राहत आणि किडी दूर राहत. गॅस आल्यापासून ही सोय राहिली नाही. म्हणून माळ्यावर हवा खेळेल असे झरोके ठेवावेत आणि माळा सामानाने भरून टाकू नये.

३ जून २०२० रोजी आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील असंख्य घरांची छपरे उडाली. केवळ वजनावर बसलेले छप्पर वारा खालून उचलतो. त्यामुळे वासे तुळईला लोखंडी पट्टी व बोल्टने जखडावेत. वळचणीच्या व आढ्याच्या कौलांच्या ओळी तारेने बांधाव्यात.

वाळवी आणि भुंगेरे

वाळवीच्या नळ्या नुसत्या मोडून उपयोग होत नाही. ओलीचा मार्ग बंद करून नंतर भिंतीच्या कडेने जमिनीत शिफारस केलेले वाळवीनाशक लेबलवरील मात्रेप्रमाणे द्यावे. विहिरीजवळ ते वापरू नये. आल्ड्रिन, क्लोरडेन यांसारख्या जुन्या औषधांवर बंदी आहे. कोणी दिली तरी घेऊ नयेत.

घरातील लाकूड व बांबूसाठी बोरॅक्स ३ किलो आणि बोरिक ॲसिड २ किलो १०० लिटर पाण्यात विरघळवून वापरावे. बांबू व बारीक लाकूड द्रावणात बुडवावे, बसवलेल्या कोरड्या लाकडाला दोन-तीन हात द्यावेत. पावसात हे द्रावण धुऊन जाते, म्हणून ते उघड्यावरील लाकडास उपयोगी नाही. बाहेरच्या लाकडास काजूच्या टरफलांचे तेल देण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे. मात्र ते अंगावर पडल्यास कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालावेत. ओल्या लाकडावर तेल किंवा रंग लावू नये. ओल आत कोंडते.

दुरुस्तीसाठी नवे लाकूड

लाकडाचा आतील गडद गाभाच टिकाऊ असतो. बाहेरील पांढऱ्या पट्ट्यात पिष्टमय पदार्थ असल्याने भुंगेरे प्रथम तेथे लागतात, मग ते लाकूड सागाचे का असेना. आंब्याचे लाकूड फळ्या व खोक्यांना ठीक, पण खांब-तुळयांना घेऊ नये. तोड पावसाळ्यानंतर थंडीत करावी. फळ्या सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात व टोकांना डांबर लावावे, म्हणजे टोके फाटत नाहीत. इंचभर जाडीच्या फळीला तीन-चार महिने, तर जाड तुळईला वर्ष किंवा अधिक काळ वाळण्यास लागतो.

साग, ऐन, किंजळ, फणस, खैर, जांभूळ इत्यादी झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीतील असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार तोडीपूर्वी परवानगी घ्यावी लागते. बांधावर आज लावलेली सागाची व फणसाची रोपे आणि माणगा बांबूचे बेट पुढच्या पिढीच्या दुरुस्तीला कामी येतील.

घर केव्हा उतरवावे?

निम्म्याहून अधिक खांब गेले असतील, मुख्य तुळई वाकून तडकली असेल किंवा भिंती ओळंब्यातून बाहेर गेल्या असतील, तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. तोवर त्या भागात राहू नये. उतरवताना प्रत्येक लाकूड तपासून निरोगी लाकूड नव्या घरातील दारे, माळा व छपरासाठी राखावे.

थोडक्यात, बूड कोरडे, वळचण रुंद आणि कौले शाबूत ही त्रिसूत्री पाळावी. वर्षातून दोन दिवस आणि दाभणाचे चार टोचे एवढ्या श्रमात आजोबांनी बांधलेले घर नातवंडांपर्यंत पोहोचू शकते.