जुने ब्लॉक्स, जुने डबे : ओळखायचं कसं, मोजायचे किती

जळगाव हे जुन्या प्लास्टिकला फार दिवस जगू न देणारं शहर आहे. इथल्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणल्या जातात, पाइप तयार होतात आणि भंगारातलं प्लास्टिक दळून त्याचा पुन्हा दाणाही केला जातो. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून उतरलेली खेळण्यांची पिशवी एकदा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली की तिचं पुढचं ठिकाण क्रशर. त्यामुळे जुने जोडायचे ब्लॉक्स, मेकॅनिक्सचे संच, लिओच्या गाड्या जमवायची हौस असेल तर खान्देशात स्पर्धा दुसऱ्या संग्राहकाशी कमी आणि या क्रशरशी जास्त. ग्राहक म्हणून यात फायदाही आहे. हातगाडीवर भाव वजनावर ठरतो. विकणाऱ्याने मोबाइलवर 'व्हिंटेज लेगो' शोधून पाहिलं नाही तोवर तरी.

आणि त्याने शोधलं असलं तरी घाबरू नका, कारण तो जे दाखवतोय ते बहुधा लेगो नसतंच. आपल्याकडे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध 1 एप्रिल 2001 ला पूर्ण उठले. त्याआधी परदेशी खेळणं घरात यायचं ते आखाती देशात नोकरीला असलेल्या मामाच्या बॅगेतून, नाहीतर मुंबईहून कुणी आणलं तर. धुळ्या-जळगावात 'आमच्याकडे लेगो आहे' याचा अर्थ 'आमच्याकडे एकमेकांत बसणारे ठोकळे आहेत' एवढाच घ्यावा.

खरा लेगो ओळखायला भिंग आणि पोरांच्या कंपासमधली पट्टी पुरते. ठोकळ्याच्या माथ्यावर जी गोल बटणं असतात, त्या प्रत्येकावर कंपनीचं नाव बारीक उठावात असतं. नाव नाही, म्हणजे दुसरी कंपनी. हा नियम शंभरातल्या जवळजवळ सगळ्या प्रसंगी पुरतो. मग पट्टी लावा. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत 8 मिलिमीटर, आठ बटणांच्या ठोकळ्याची लांबी 31.8 आणि बटण सोडून उंची 9.6. आता उलटा करा. आतल्या पोकळ नळ्या लेगो या डॅनिश कंपनीने 28 जानेवारी 1958 ला पेटंट केल्या. त्याआधीचे ठोकळे आतून रिकामे. 1963 पर्यंत हे ठोकळे सेल्युलोज अॅसिटेटचे होते, नंतर एबीएस प्लास्टिक आलं. अॅसिटेट काळानुसार वाकतं, कधी त्याला शिरक्यासारखा आंबूस वास सुटतो. हातपाय हलणारी छोटी माणसं 1978 पासूनची. त्यामुळे 'साठ सालचा सेट' म्हणून कुणी डबा पुढे केला आणि त्यात ती हसरी पिवळी माणसं निघाली, तर डबा आणि माल यांची सोयरीक नंतर जमवलेली आहे. फन्स्कूलने काही काळ भारतात लेगोचं वितरण केलं होतं, म्हणून डब्यावर फन्स्कूलचं लेबल दिसलं की लगेच नकली ठरवू नका.

बाकीच्या निनावी ठोकळ्यांसाठी पाण्याचा ग्लास. भंगारातही प्लास्टिक असंच निवडतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस आणि पॉलिस्टायरीन बुडतं. तरंगणारा ठोकळा हाताला किंचित मेणचट लागतो, नखाने ओरखडतो. खाली फरशीवर टाकला तर भद्द वाजतो. बुडणारा पॉलिस्टायरीनचा तुकडा खणकन वाजतो आणि कोपऱ्यावर तडकलेला असतो. ठोकळ्याच्या बुडाशी हवा अडकून राहिली तर तो उगाच तरंगतो, म्हणून पाण्याखाली धरून एकदा हलवा. काडी लावून वास घेणारे महाभागही असतात. तसं करू नका. तुकडा जातो, धूर तुमच्या छातीत जातो.

डबा वाचा

आता खरं सांगायचं तर सुट्या ठोकळ्यांत फारसा जीव नाही. किंमत असते ती डब्याला आणि आतल्या पत्रकाला. भारतीय खेळण्यांच्या डब्यावर निर्मितीचं साल क्वचित असतं, पण इतर खुणा इतक्या असतात की सालाची गरज उरत नाही.

पत्त्यापासून सुरुवात करा. पिन कोड आपल्याकडे 15 ऑगस्ट 1972 ला आला. पत्त्यात नुसतं 'बॉम्बे 26' अशासारखं एक-दोन आकडी विभागाचं नाव असेल तर डबा बहुधा त्याच्या आगेमागेचा. सहा आकडी पिन पण शहर 'बॉम्बे' असेल, तर 1972 ते 1995 मधला. 'मुंबई' असेल तर त्यानंतरचा. मुंबईचे फोन नंबर 2002 मध्ये पुढे 2 लागून आठ आकडी झाले. छापील नंबर सातच आकड्यांचा असेल तर डबा त्याआधीचा. मग किमतीकडे या. सर्व करांसह कमाल किंमत छापायची पद्धत 1990 च्या सुमाराची. 'लोकल टॅक्सेस एक्स्ट्रा' असं असेल तर त्याहून जुना माल. बारकोड 890 ने सुरू होत असेल तर 1996 च्या आधीचा नाही. रुपयाचं आजचं चिन्ह जुलै 2010 चं. आणि आयएसआय चिन्ह खेळण्यांवर सक्तीचं झालं 1 जानेवारी 2021 पासून. ते चिन्ह असलेल्या डब्याला कुणी 'आजोबांच्या काळचा' म्हणालं तर आजोबा बरेच तरुण असले पाहिजेत.

एक सावधगिरी. छोटे कारखानदार छापलेले डबे संपेपर्यंत वापरायचे, वर नवी किंमत चिकटवायचे. म्हणून नवी खूण 'याच्या आधीचा नाही' एवढं पक्कं सांगते. जुनी खूण मात्र फक्त अंदाज देते. चिकटवलेलं लेबल सोलून खाली काय आहे ते पाहायचा मोह होतो. उजेडासमोर तिरकं धरून वाचा, सोलू नका.

काय शोधावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : लेगोच्या मागे न लागता आपल्याकडचा माल धरा. मुंबईच्या झेफिर टॉयमेकर्सचे मेकॅनिक्स म्हणजे भोकांच्या धातूच्या पट्ट्या, नट-बोल्ट, छोटा पाना आणि आकृत्यांचं पुस्तक. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने 1901 मध्ये पेटंट घेतलेल्या मेकॅनोचीच ही जातकुळी. मेकॅनिक्स आजही बनतं. त्यामुळे हरवलेले नट-बोल्ट नव्या छोट्या संचातून भरून काढता येतात, आणि याच कारणाने अर्धवट जुन्या संचाला जास्त पैसे द्यायचं कारण नाही. ब्लो प्लास्टचा लिओ हा ब्रँड आणि पुढे मॅटेलबरोबर 'लिओ मॅटेल' नावाने निघालेल्या हॉट व्हील्स गाड्या यांना परदेशातले संग्राहकही विचारतात. 1987 मध्ये स्थापन झालेल्या फन्स्कूलच्या गोव्याच्या कारखान्यातल्या जी. आय. जो बाहुल्यांचंही तेच. काही रंगसंगती फक्त भारतात निघाल्या. तिथे मात्र हात, कमरेचं रबर आणि हातातली इवलीशी शस्त्रं मोजून घ्या. बाहुली मिळते, बंदूक मिळत नाही.

किती मोजायचे

भंगारात मिश्र प्लास्टिकचा भाव किलोमागे काही दहा रुपयांच्या घरात हलत असतो. दुकानदाराला त्याच्या दुप्पट-तिप्पट दिले तरी तो खूश आणि तुम्हीही. निनावी सुटे ठोकळे मी किलोला शंभर रुपयांच्या वर घेणार नाही, कितीही रंगीत असोत. खऱ्या लेगोचा हिशेब वेगळा. दुकानातल्या नव्या डब्याची एमआरपी त्यावर छापलेल्या तुकड्यांच्या संख्येने भागा. समजा 500 तुकडे आणि 4,000 रुपये, म्हणजे तुकडा 8 रुपयांना. आठ बटणांचा ठोकळा साधारण अडीच ग्रॅमचा, म्हणजे किलोत सुमारे 400. नव्याच्या दराने 3,200 रुपये. सुट्या, वापरलेल्या, मिसळलेल्या मालाला याचा एक तृतीयांश, म्हणजे हजाराच्या आसपास, हा माझा कमाल आकडा. पिवळे पडलेले, चावलेले तुकडे असतील तर त्यातूनही कापा. (ठोकळे चावणाऱ्या पिढ्या खान्देशात उदंड झाल्या.)

डब्यासह पूर्ण भारतीय संचाला मात्र ठरलेला भाव नाही. मी अशी पायरी धरतो : आजच्या तशाच नव्या संचाची किंमत ही सुरुवात; डबा धड, पत्रक आत आणि तुकडे यादीप्रमाणे असतील तर दुप्पट; यातलं एकही नसेल तर निम्मी. ऑनलाइन जाहिरातीतला आकडा हा मागणाऱ्याचा आकडा आहे, विकला गेलेला नव्हे. परदेशातून मागवायचं असेल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झालं. त्यातून आयएसआय चिन्ह देणाऱ्या बीआयएसचे नियम आहेत. आयएसआय नसलेलं पार्सल अडकू शकतं.

शोधायला सगळ्यात चांगली जागा भंगार नव्हे, जुनी कटलरीची दुकानं. जळगावात फुले मार्केटच्या आजूबाजूला, धुळ्यात पाचकंदील आणि आग्रा रोडच्या गल्ल्यांत, शिवाय अमळनेर, चाळीसगाव, भुसावळच्या बाजारपेठांत. भुसावळला रेल्वेच्या बदल्यांवर आलेली कुटुंबं घर रिकामं करतात तेव्हाही चौकशी करावी. दुकानात शिरून 'व्हिंटेज आहे का' असं विचारू नका, भाव तिथेच चढतो. 'काका, वरच्या फळीवर पडून राहिलेला माल आहे का खेळण्यांचा?' एवढं पुरे. दुकान जुन्या माणसाचं असेल आणि तुम्हाला अहिराणी येत असेल तर 'भाऊ, हाई कितलाले शे?' विचारा, डब्यावरच्या छापील किमतीला माल मिळण्याची शक्यता बरीच वाढते. नगद द्या, कच्ची का होईना पावती घ्या.

घरी आणल्यावर

धुवायला कोमट पाणी, भांड्याचा साबण, मऊ टूथब्रश. पाणी 40 अंशांच्या वर नको. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावलं तर एबीएस विरघळतं. पिवळेपणा काढायला काही जण हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठोकळे बुडवून उन्हात ठेवतात. पांढऱ्या तुकड्यांवर उपयोग होतो, पण पिवळेपणा परत येऊ शकतो. छाप असलेल्या तुकड्यांवर करू नका. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर डबे ठेवणं म्हणजे ते भट्टीत ठेवणं. जुनं धाब्याचं घर असेल तर त्याची खालची खोली उत्तम. आणि पेटीत डांबरगोळ्या टाकायची आपली सवय इथे महागात पडते, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडतं. गाड्यांचे मऊ टायर आणि रबरबँडही कडक प्लास्टिकला चिकटून खड्डे पाडतात. त्यांना वेगळ्या पुड्यांत बांधा.

जुने ठोकळे नातवंडांना खेळायला मात्र देऊ नका. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वापरलेल्या जुन्या खेळण्यांत कॅडमियम, शिसं यांसारखे घटक सापडले. लाल, पिवळे आणि काळे तुकडे त्यात पुढे होते. रांगत्या मुलाला आयएसआय चिन्हाचा नवा संच आणा, जुना काचेच्या कपाटात राहू द्या.

दुकानदाराने किंवा ऑनलाइन व्यापाऱ्याने पूर्ण म्हणून अर्धवट संच दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. जाहिरातीचा फोटो, पैसे दिल्याचा पुरावा आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. ओळखीच्या घरातून, खासगी माणसाकडून घेतलेल्या मालाला हे संरक्षण नाही. तिथे पैसे देण्याआधी तुकडे मोजा.

आणि तुमच्याच माळ्यावर 'बॉम्बे'चा पत्ता असलेला खेळण्याचा डबा असेल, तर या दिवाळीत तो भंगारात देण्याआधी आतलं पत्रक तेवढं शोधा.