लाइट आली, सर्व्हर उठेना: काय करावे, काय टाळावे

भिगवणकडे वळीव येतो तो वाऱ्यासकट. फीडर ट्रिप होतो, लाइट जाते, येते, पुन्हा जाते. मासळी बाजारातली आडत असो, पतसंस्था असो की दूध डेअरी, कोपऱ्यातला सर्व्हर अशाच एखाद्या झटक्यात बसतो. इंजिनिअर बारामतीहून किंवा पुण्याहून येईपर्यंत मशीनसमोर आपणच असतो, आणि त्या वेळात घाईने केलेला उपाय कित्येकदा झटक्यापेक्षा महाग पडतो. पेटी पैसे टाकून पुन्हा मिळते. मच्छीमारांच्या पट्ट्या आणि ठेवीदारांची खाती तशी मिळत नाहीत. म्हणून आधी डेटा, मग मशीन.

लाइट आल्या आल्या

करा: सर्व्हरचा प्लग काढून ठेवा आणि पंधरा मिनिटं थांबा. परत येणारी वीज गेलेल्या विजेपेक्षा जास्त घातक असते. 27 मे 2017 रोजी ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरमध्ये वीज तुटली. कंपनीच्याच सांगण्यानुसार खरं नुकसान झालं ते ती बेशिस्तपणे परत जोडली गेली तेव्हा. सुमारे 75,000 प्रवासी अडकले.

करा: मल्टिमीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. आकडा 300 कडे सरकत असेल तर न्यूट्रल तुटलाय असं समजा, मेन स्विच पाडा, वायरमनला बोलवा आणि महावितरणच्या 1912 वर तक्रार नोंदवा.

टाळा: बटण पुन्हा पुन्हा दाबणं. डिस्क दुखावलेली असेल तर प्रत्येक सुरुवात तिला आणखी ओरबाडते.

टाळा: यूपीएस बिघडला म्हणून सर्व्हर थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडणं. ज्या रात्री एकदा लाइट गेली, त्याच रात्री ती पुन्हा जाण्याची शक्यता जास्त.

दिवाच लागत नाही

करा: प्लग काढलेला असताना पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरा. आत साठलेला चार्ज निघून जातो. मग केबल बदलून, दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा. दोन पॉवर सप्लाय असतील तर एकावेळी एकच जोडा. ज्यावर पिवळा दिवा लागेल तो बाजूला काढा. नुसत्या यूपीएसची चूक असते असंही बरेचदा निघतं. 12 व्होल्टच्या त्या बॅटऱ्या तीन-चार वर्षांत दम सोडतात.

टाळा: पॉवर सप्लायचं खोकं उघडणं. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.

चालू होतो, पण तारीख कित्येक वर्षं मागची

मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर 2032, संपलाय. तो स्वस्त असतो, बदला. पण सेलबरोबर बायोसची सेटिंगही पुसली गेलेली असू शकते. डिस्क रेड मोडवर होती की एएचसीआय, यूईएफआय बूट होतं की लेगसी, हे पूर्वी होतं तसंच लावा. कागदावर लिहिलेलं नसेल तर अंदाजाने बदलत बसू नका, लावणाऱ्याला विचारा. आणि पतसंस्थेत तारीख दुरुस्त केल्याशिवाय दिवस ओपन करू नका. चुकीच्या तारखेला पडलेलं व्याज निस्तरायला महिने जातात.

डिस्क सापडत नाही, रेड तुटलेली दिसते

सगळ्यात जास्त डेटा इथे जातो, म्हणून इथे सगळ्यात सावकाश.

करा: स्क्रीनवर जे येईल त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. एकही बटण दाबण्याआधी.

करा: मशीन बंद करून प्रत्येक डिस्कवर तिच्या खाचेचा नंबर मार्करने लिहा. मगच एकेक काढून, त्याच खाचेत घट्ट बसवा. झटक्यानंतर दोन डिस्क एकदम ‘फेल’ दिसल्या तर त्या मेल्याच असतील असं नाही. केबल किंवा मागची पट्टी सैल झालेली असू शकते.

करा: ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असा संदेश आला तर याचा अर्थ रेड कार्डाची नोंद आणि डिस्कवरची नोंद जुळत नाही. आधी यादी बघा, सगळ्या डिस्क त्यात आहेत का ते मोजा, आणि असतील तरच इम्पोर्ट करा.

टाळा: क्लिअर, इनिशियलाइज, ‘कॅश डिस्कार्ड’. मेनूतले हे तीन शब्द डोळ्यासमोर आले की हात मागे घ्या. कार्डाच्या कॅशमध्ये शेवटचे व्यवहार अजून लिहायचे राहिलेले असू शकतात.

टाळा: बाहेर पडलेली डिस्क जबरदस्तीने ऑनलाइन आणणं. ती दोन महिन्यांपूर्वीच गळलेली असेल आणि कुणी बघितलं नसेल, तर जुना आणि नवा डेटा एकमेकांत मिसळतो. रेड 5 एका डिस्कचं जाणं सोसते, दोन डिस्कचं नाही.

सिस्टीम मध्येच अडकते

लिनक्स इमर्जन्सी मोडमध्ये थांबला तर एफएससीके आधी फक्त तपासणीच्या मोडमध्ये, माउंट न केलेल्या डिस्कवर चालवा. एक्सएफएस असेल तर रिपेअरला ‘एल’ जोडू नका. त्याने लॉगच पुसला जातो. विंडोज दुरुस्तीच्या फेऱ्यात अडकला असेल तर चेकडिस्कची घाई नको. डिस्क खरखरत असेल किंवा तिचे स्मार्ट आकडे बिघडले असतील तर आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर तिची प्रत काढा, मग दुरुस्ती त्या प्रतीवर. डेटाबेसची लॉग फाइल मोठी दिसते म्हणून उडवू नका, अपुरे व्यवहार त्यातूनच पूर्ण होतात. टॅलीचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर कॉपी करा, रीराइट नंतर.

उठला की लगेच

करा: आधी स्विच, मग सर्व्हर, शेवटी काउंटरवरची मशीन. पहिलं काम बॅकअपचं, तोही वेगळ्या डिस्कवर.

करा: वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची बायोसमधली सेटिंग बंद ठेवा. लाइट ये-जा करतेय अशा रात्री सर्व्हर पाच वेळा उठून पाच वेळा पडायला नको.

करा: यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि बॅटरी निम्म्यावर आली की तो स्वतः शटडाउन होईल असं लावून द्या. ही केबल बहुतेक कार्यालयांत खोक्यातच पडलेली असते.

टाळा: त्याच यूपीएसवर कूलर, प्रिंटर किंवा पाण्याची मोटर.

करा: अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घाला, आणि वळवाआधी वायरमनकडून एकदा अर्थिंग मोजून घ्या.