आत्याचं ऐक, मग वेबसाइट कर

बाळा, घोलवडच्या घराची आणि आपल्या चिकूची वेबसाइट करतोयस, चांगलंय. करणारा मुलगा हुशार आहे, पण तू मागशील तेच देईल. तीस वर्षं रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसलेय मी. मला कॉम्प्युटर कळत नाही, गिऱ्हाईक कळतं.

गिऱ्हाईक टोपलीशी थांबलं की विचारतं काय? केवढ्याला, गोड आहे का, कधी पिकेल. पाहुणा विचारतो खोली कितीला, यायचं कसं, जेवण मिळेल का. तुझ्या पहिल्या पानावर मात्र बोर्डीचा सूर्यास्त आणि ‘आमची वाटचाल’. भाव शोधायला तीन पानं उलटावी लागली मला. भाव झाकणाऱ्या दुकानात लोक शिरत नाहीत रे, महाग असणार म्हणून पुढे जातात.

आणि ती वारली चित्रं! पानभर नाचणारी माणसं, त्यांच्यावरच बारीक पांढरी अक्षरं. गेरूच्या भिंतीवर तांदळाची पांढरी रेघ उठून दिसते, कारण मागे काही नसतं. तारपा नाचाचं चित्र नीट बघ. शंभर माणसं असली तरी नजर तारपा वाजवणाऱ्यावर जाते, बाकी सगळे त्याच्याभोवती फिरतात. लग्नाच्या चौकातही पालघट देवी मधोमध. तुझ्या पानावर ‘खोली घ्या’, ‘फोन करा’, ‘चिकू मागवा’, ‘फोटो बघा’ अशी चार बटणं सारख्याच रंगात ओरडतायत. एकाला तारपा दे, बाकीच्यांना रिंगणात उभं कर. चित्रं हवीच असतील तर इंटरनेटवरून उचलू नकोस. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे आपल्या गंजाडचे, 2011 साली पद्मश्री मिळाली त्यांना. तिकडे आजही काढणारे हात आहेत, पैसे देऊन काढून घे.

पत्त्याचं सांगते. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, म्हणून मुंबईचा माणूस तिथे उतरतो आणि ‘आता पुढे?’ म्हणत उभा राहतो. नुसता नकाशा चिकटवून भागत नाही. ‘लोकल डहाणू रोडला संपते, घोलवड पुढचं स्टेशन, रिक्षा मिळते’ एवढं साध्या मराठीत लिही. तलासरीकडून हायवेने येणाऱ्याला वेगळी ओळ दे. वापी-सुरतेचे पाहुणे येतात, तेव्हा गुजरातीचं बटण गुजराती लिपीतच असू दे.

फॉर्ममध्ये जन्मतारीख कशाला विचारतोस? नाव, मोबाइल, कधी येणार, किती जण. बस. बटण अंगठ्याला सापडेल एवढं, निदान 9 मिलिमीटर, कारण माणूस एका हाताने पिशवी धरून दुसऱ्या हाताने फोन चालवतो. ड्रोनचा तो जड व्हिडिओ काढून टाक. वाडीत रेंज एक काडी असते, तिथे तो फिरतच बसतो. जेकब नील्सन नावाच्या माणसाने 1993 साली लिहून ठेवलंय की दहा सेकंदांपुढे माणसाचं लक्ष टिकत नाही. मी तर म्हणते तीनच.

तुझा तो मुलगा सारखा यूआय, यूएक्स म्हणतो. मी माझ्यापुरता अर्थ लावलाय. टोपली कशी मांडली, भावाची पाटी कुठे लावली, हे यूआय. घरी नेलेला चिकू चौथ्या दिवशी कसा लागला, तिथपर्यंतचं सगळं यूएक्स. मागच्या हंगामात एका बाईने पेटी मागवली आणि दुसऱ्याच दिवशी फोनवर भांडली: दगड पाठवलेत! कालीपत्ती जातीचा आपला चिकू कडकच पाठवावा लागतो, पिकलेला वाटेत फुटतो. चूक तिची नव्हती. मागणी घेताना आपण तिला सांगितलंच नव्हतं. ‘काही दिवस बाहेर ठेवा, मऊ झाल्यावरच फ्रीजमध्ये’ ही ओळ पैसे भरायच्या पानावर हवी, पेटीतल्या चिठ्ठीवर हवी, आणि तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवरही.

चिकू तयार झालाय का, हे आपण नखाने हलकं खरवडून बघतो. आत हिरवं दिसलं तर झाडावरच राहू देतो. वेबसाइटलाही तसंच खरवड. पाच माणसं बोलाव: रिक्षावाला, शेजारची काकी, कॉलेजातलं पोर, कुणीही. फोन हातात दे, म्हण ‘शनिवारची खोली घ्या’. मग गप्प बस. बोट दाखवायचं नाही, ‘तिथे नाही, इथे’ म्हणायचं नाही. जिथे अडकतील तिथे वहीत खूण कर.

आणि डोमेन स्वतःच्या नावावर घे, पासवर्ड स्वतःजवळ ठेव. जमिनीचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवत नाही.

पाचवं माणूस मी. रविवारी ये, चष्मा न लावता बसेन.